राज्यांचे भेदभावविरोधी कायदे आणि धर्मस्वातंत्र्य : अमेरिकेतल्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कुठल्या ना कुठल्या राज्याच्या विधिमंडळात भेदभावविरोधी कायद्याची व्याप्ती वाढवणारं विधेयक येतच असतं. ते आलं की सुनावणीला दोन प्रकारची माणसं येतात. काहींची नोकरी किंवा घर आपण कोण आहोत यामुळे गेलेलं असतं. काहींना आपली धर्मसंस्था, शाळा किंवा छोटा धंदा या कायद्यात अडकेल अशी धास्ती असते. दोघांचंही म्हणणं गांभीर्याने घेण्यासारखं आहे, या विश्वासाने पुढची उत्तरं लिहिली आहेत. ती वकिली सल्ला म्हणून वापरू नका. प्रत्यक्ष प्रकरण असेल तर त्या राज्यातल्या वकिलाला भेटा.

कायदा वाढवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

भेदभावविरोधी कायद्यात एक यादी असते. वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश, वय, अपंगत्व वगैरे. या कारणांवरून नोकरी, घर किंवा सेवा नाकारता येत नाही. बहुतेक वाद या यादीत नवा शब्द घालण्यावरून होतात. गेल्या चाळीसेक वर्षांत सगळ्यात जास्त भांडण झालं ते लैंगिक कल आणि लिंगओळख (आपण स्त्री, पुरुष की वेगळे, हे माणसाला स्वतःला जे वाटतं ते) या दोन शब्दांवरून. अलीकडे त्यात जातीची भर पडली आहे.

पण यादी न बदलताही कायदा वाढतो. तो फक्त नोकरीला लागू असेल तर घराला आणि दुकानांना लागू करता येतो. पंधरा माणसांच्या कंपनीला लागू असेल तर पाच माणसांच्या कंपनीलाही लावता येतो. वर्तमानपत्रात मथळा यादीचा होतो. सामान्य माणसाला फरक पडतो तो बऱ्याचदा या दुसऱ्या प्रकारच्या बदलांनी.

केंद्राचा कायदा आहे ना? मग राज्यांनी वेगळा कशाला करायचा?

खरं तर राज्यं आधी आली, केंद्र मागून आलं. मॅसॅच्युसेट्सने सार्वजनिक ठिकाणी वंशावरून अडवणूक करायला १८६५ मध्येच बंदी घातली. नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध न्यूयॉर्कने १९४५ मध्ये कायदा केला. केंद्राचा नागरी हक्क कायदा त्यानंतर १९ वर्षांनी, १९६४ मध्ये आला.

शिवाय केंद्राच्या कायद्याला भोकं आहेत. नोकरीविषयीचा त्याचा भाग १५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकालाच लागू होतो. कॅलिफोर्नियात ही मर्यादा ५ आहे, मिशिगनमध्ये एक कर्मचारी असला तरी पुरे, आणि न्यूयॉर्कने २०२० पासून सगळेच मालक कायद्याखाली आणले. हॉटेल, उपाहारगृह, नाट्यगृह अशा सार्वजनिक ठिकाणांविषयीच्या केंद्रीय तरतुदीत लिंग हा शब्दच नाही. वंश, रंग, धर्म आणि मूळ देश एवढंच आहे. म्हणजे बाई म्हणून एखादीला उपाहारगृहात सेवा नाकारली, तर तिला आधार राज्याच्याच कायद्याचा. नुकसानभरपाईचंही तसंच. केंद्राच्या नोकरीविषयक कायद्याखाली मनस्तापाची आणि दंडात्मक भरपाई मिळून १५ ते १०० कर्मचाऱ्यांच्या मालकाकडून जास्तीत जास्त ५०,००० डॉलर मिळू शकतात आणि कंपनी कितीही मोठी असली तरी ३,००,००० डॉलरच्या वर नाही. हे आकडे १९९१ मध्ये ठरले. अनेक राज्यांत अशी मर्यादा नाही.

२०२० च्या बोस्टॉक निकालाने समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांचा प्रश्न सुटला नाही का?

नोकरीपुरता बराचसा सुटला. १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर असल्यामुळे माणसाला कामावरून काढणं हा लिंगावरूनच केलेला भेदभाव आहे. निकालपत्र न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी लिहिलं. धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यांशी या निकालाचा मेळ कसा घालायचा, हे मात्र त्यांनी पुढच्या खटल्यांसाठी मोकळं ठेवलं.

दुकानं, हॉटेलं आणि लहान मालक हे त्या निकालाच्या बाहेरच राहिले. आणि केंद्राची अंमलबजावणी सत्तेवर कोण आहे त्याप्रमाणे बदलते. २०२५ मध्ये केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाने ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांच्या वतीने स्वतःच लावलेले काही खटले मागे घ्यायला सुरुवात केली. स्वतःच्या राज्याचा स्पष्ट कायदा असलेल्या कर्मचाऱ्याला अशा वेळी निदान एक दार उघडं राहतं. विस्कॉन्सिनने १९८२ मध्ये लैंगिक कलाला संरक्षण दिलं, ते पहिलं राज्य. मिनेसोटाने १९९३ मध्ये लिंगओळखीलाही दिलं. आज वीसहून जास्त राज्यांत दोन्ही शब्द कायद्यात आहेत. उरलेल्या राज्यांत राहणाऱ्यांची मदार न्यायालयीन निकालांवर आणि शहरांच्या नियमांवर आहे.

भेदभावविरोधी कायदा धर्माच्या विरोधात जातो असं का म्हणतात?

असं म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कचा १९४५ चा कायदा आठवावा. त्यात पहिल्या दिवसापासून वंश, रंग आणि मूळ देश यांच्या जोडीला धर्ममत होतं. ज्यू आणि कॅथलिक माणसांना नोकऱ्या नाकारल्या जात होत्या, ते दिवस होते. श्रद्धाळू माणसाच्या पोटापाण्याचं रक्षण करणं हे या कायद्यांचं मूळ काम आहे. नंतर कुणीतरी त्यात धर्म चिकटवला असं झालेलं नाही.

कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये कायद्यात स्पष्ट लिहिलं, की पगडी, हिजाब, दाढी, केस हे सगळं धर्माचरणात येतं, आणि अशा कर्मचाऱ्याला गिऱ्हाइकांच्या नजरेआड, मागच्या खोलीत बसवणं ही सोय मानली जाणार नाही. शीख संघटनांनी या दुरुस्तीसाठी मेहनत घेतली होती. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये धार्मिक पोशाख आणि दाढीबद्दल अशीच तरतूद केली.

केंद्रीय पातळीवर २०२३ चा ग्रॉफ खटला महत्त्वाचा. पेनसिल्व्हेनियातल्या एका टपाल कर्मचाऱ्याला रविवारी काम करणं श्रद्धेमुळे मान्य नव्हतं. १९७७ च्या एका निकालातली भाषा अशी होती, की कर्मचाऱ्याची धार्मिक सोय करताना मालकाला क्षुल्लक खर्च आला तरी तो नकार देऊ शकतो. ग्रॉफ निकालाने हे वाचन एकमताने बाजूला सारलं. आता त्या धंद्याच्या मानाने खर्च मोठा आहे हे मालकाला दाखवावं लागतं. शनिवारी काम न करणारे ज्यू आणि ॲडव्हेंटिस्ट, नमाजाची वेळ मागणारे मुसलमान, सणाची रजा मागणारे हिंदू या सगळ्यांना त्याचा फायदा आहे.

मग भांडण होतं कुठे?

एकाचं संरक्षण दुसऱ्याच्या दारात येऊन उभं राहतं, तिथे. घरमालक म्हणतो, लग्न न झालेल्या किंवा समलिंगी जोडप्याला खोली देणं माझ्या धर्मात बसत नाही. धार्मिक शाळा म्हणते, आमचे शिक्षक आमच्या शिकवणीप्रमाणे वागणारे हवेत. नोकरीवरचा माणूस म्हणतो, लग्नाबद्दलचं माझं मत मी घरी बसून लिहिलं, तेवढ्यावरून मला काढलं. ही प्रकरणं एकाच मापाने मोजता येत नाहीत आणि दोन्ही बाजूंचे प्रचारक नेमकं तेच करतात.

माझ्या मते प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट आधी विचारावी : ही सवलत दिली तर तिची किंमत कोण मोजतं? चर्चने स्वतःचा पाद्री स्वतः निवडला तर किंमत बहुतांशी त्या मंडळींच्याच पदरात पडते. दोनशे घरांच्या कंपनीने श्रद्धेचं कारण देऊन भाडेकरू नाकारला, तर ती किंमत चुकवणारा माणूस त्या श्रद्धेचा वाटेकरीच नसतो. त्याचं सामान रस्त्यावर येतं.

युटामध्ये २०१५ साली काय घडलं? त्याचा एवढा उल्लेख का होतो?

कारण तिथे हे जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं. युटा हे मॉर्मन पंथाचं म्हणजे लॅटर-डे सेंट्स चर्चचं माहेरघर, रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाला बंदी घालणाऱ्या प्रस्तावाच्या मागे हे चर्च ठामपणे उभं राहिलं होतं आणि दोन्ही बाजूंचं मन त्यामुळे फार कडवट झालं होतं. तरीही २००९ मध्ये सॉल्ट लेक सिटीने नोकरी आणि घराच्या बाबतीत समलिंगी आणि ट्रान्सजेंडर नागरिकांना संरक्षण देणारा नियम केला, तेव्हा चर्चने जाहीर पाठिंबा दिला. राज्य पातळीवर मात्र तशी विधेयकं पुढची काही वर्षं अडूनच राहिली.

२७ जानेवारी २०१५ रोजी चर्चच्या वरिष्ठ नेत्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की धर्मस्वातंत्र्याची हमी असेल तर घर आणि नोकरीतल्या संरक्षणाला आमचा पाठिंबा आहे. मग चर्चचे प्रतिनिधी, इक्वालिटी युटा ही संघटना आणि दोन्ही पक्षांचे आमदार एका टेबलाशी बसले. सिनेटर स्टीव्ह अर्कहार्ट आणि स्टुअर्ट ॲडम्स यांनी विधेयक पुढे नेलं आणि १२ मार्चला गव्हर्नर गॅरी हर्बर्ट यांनी त्यावर सही केली. समलिंगी विवाहाचा हक्क देशभर मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर तीन महिन्यांनी आला.

कायद्यात काय होतं? लैंगिक कल आणि लिंगओळख हे दोन शब्द नोकरी आणि घर या दोन्ही भागांत घातले गेले. धर्मसंस्था, त्यांच्या शाळा आणि संलग्न संस्था, तसंच बॉय स्काउट्स यांना नोकरीच्या तरतुदींतून वगळलं. मालकाला पोशाखाचे आणि स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या सोयींचे वाजवी नियम करता येतील, पण लिंगओळखीनुसार वाजवी सोय द्यावी लागेल असं ठरलं.

मला या कायद्यातला सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेला भाग कर्मचाऱ्याच्या बोलण्याविषयीचा वाटतो. कामाच्या जागी कुणीही आपली धार्मिक किंवा नैतिक मतं मांडू शकतो. अट एवढीच, की ती वाजवीपणे, कामात व्यत्यय न आणता आणि कुणाला न छळता मांडावीत, आणि मालक तशाच प्रकारच्या इतर बोलण्याला जितकी मोकळीक देतो तितकी यालाही द्यावी. कामाबाहेर लग्न, कुटुंब किंवा लैंगिकतेबद्दल कायदेशीरपणे मांडलेल्या मतासाठी कुणाला काढता येणार नाही, जोवर ते मत धंद्याच्या मूलभूत हिताशी थेट टक्कर घेत नाही. ही तरतूद दोन्हीकडे सारखी चालते. समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या माणसाची नोकरी ती राखते, आणि समलिंगी हक्कांच्या प्राइड मोर्चात चालणाऱ्या माणसाचीही.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कायद्यातला एखादा भाग न्यायालयाने रद्द केला तर बाकीचा कायदाही टिकणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. उद्या कुणी कोर्टात जाऊन आपल्याला नको तो भाग उडवला तर हवा तो भागही हातचा जाईल. दोन्ही बाजूंना एकमेकांवर विसंबता यावं म्हणून केलेली ही बांधणी आहे.

मग सगळ्या राज्यांनी युटाचीच नक्कल करावी का?

नाही. कायद्याची उणीव उघड आहे : दुकानं, हॉटेलं, सेवा या क्षेत्राला त्याने हातच लावला नाही. नोकरीचा भाग १५ कर्मचाऱ्यांपासून पुढेच लागू होतो. धर्मसंस्थांच्या संलग्न संस्थांनाही मिळालेली सूट फार रुंद आहे, असा आक्षेप अनेक नागरी हक्क संघटनांनी घेतला, आणि ज्या राज्यात एकच चर्च सगळीकडे आहे तिथे त्या आक्षेपाला वजन आहे. ज्या राज्यांत सार्वजनिक सेवांसह पूर्ण संरक्षण आधीपासून आहे, तिथे युटाचा नमुना म्हणजे एक पाऊल मागे ठरेल.

जिथे काहीच नाही तिथली गोष्ट वेगळी. तिथे हा मार्ग आज घर आणि नोकरी देतो. ज्याला घरमालक उद्या सकाळी बाहेर काढणार आहे, त्याला पुढच्या पिढीत होणाऱ्या परिपूर्ण कायद्याचा काय उपयोग? घ्यायची तर युटाची पद्धत घ्यावी. ज्यांच्या आयुष्यावर परिणाम होणार त्यांनी एकत्र बसून, सवलतीचे शब्द एकेक करून ठरवले. ही मेहनत टाळली की ती न्यायालयात, दहा वर्षांनी, कुणाच्या तरी नोकरीच्या बदल्यात करावी लागते.

धर्मसंस्थेला कामावर कुणाला घ्यायचं याचं पूर्ण स्वातंत्र्य आहे का?

पुरोहित, पाद्री, इमाम, धर्मशिक्षक यांच्या बाबतीत जवळजवळ पूर्ण. २०१२ च्या होझॅना-टेबर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की धर्मसेवकाच्या नेमणुकीत भेदभावविरोधी कायदा हात घालू शकत नाही. २०२० मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी हीच मुभा कॅथलिक शाळांमधल्या दोन शिक्षिकांनाही लावली गेली. त्यांच्यापैकी एकीचा दावा वयावरून काढल्याचा होता आणि दुसरीचा, स्तनाच्या कर्करोगावरच्या उपचारांसाठी रजा मागितल्यावर काढल्याचा. तत्त्व मला पटतं. पण आजारी बाईला कोर्टात आपलं म्हणणं मांडायलाही मिळू नये, ही या तत्त्वाची किंमत आहे आणि ती मोजणारी माणसं आहेत, हे विसरता कामा नये.

धर्मसेवक नसलेल्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ च्या कायद्यातच एक सूट आहे : धर्मसंस्था आपल्या धर्माच्या माणसांना प्राधान्य देऊ शकते. १९७२ मध्ये ती संस्थेच्या सगळ्या कामांना लागू झाली. १९८७ च्या ॲमॉस खटल्यात सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मालकीच्या व्यायामशाळेत इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, तो पंथाच्या निकषांत बसत नव्हता म्हणून काढलं होतं. न्यायालयाने ते वैध ठरवलं.

राज्याच्या कायद्यात ही सूट वेगळी असू शकते. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात धार्मिक ना-नफा संस्था मालकाच्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. पण २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सूट धर्मसेवकांच्या पदांपुरतीच घटनेत बसेल असं ठरवलं. सिएटलमधल्या एका ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या कायदा मदत केंद्रात वकिलाच्या जागेचा तो वाद होता. विधिमंडळाने ढोबळ सूट लिहून ठेवली, पुढे कोर्टाने ती कापली, आणि मधल्या काळात ना संस्थेला भरवसा ना उमेदवाराला.

धार्मिक दत्तकविधान संस्थांचं काय?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, कारण इथे सरकारी पैसा आणि मुलं दोन्ही आहेत. २००६ मध्ये बॉस्टनच्या कॅथलिक चॅरिटीजने समलिंगी जोडप्यांकडे मुलं सोपवण्यापेक्षा दत्तकविधानाचं कामच थांबवलं. मुलांना तात्पुरतं सांभाळणारी कुटुंबं निवडताना समलिंगी जोडप्यांना नाकारणाऱ्या कॅथलिक संस्थेकडे मुलं पाठवणं फिलाडेल्फिया शहराने थांबवलं होतं. २०२१ च्या फुल्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शहराविरुद्ध एकमताने निकाल दिला. कारण मात्र अरुंद होतं : शहराच्या करारात अधिकाऱ्याच्या मर्जीने अपवाद करण्याची सोय होती, मग धार्मिक संस्थेलाच अपवाद का नाही?

विधेयक लिहिणाऱ्यांनी यातून घ्यायची शिकवण व्यवहाराची आहे. अपवाद मर्जीवर सोडू नका. द्यायचे तर कायद्यात लिहा, आणि त्यासोबत त्याच भागात दुसरी संस्था जोडप्याला सेवा देईल ही जबाबदारी सरकारवर टाका.

केक आणि वेबसाइटच्या खटल्यांनी दुकानदाराला नकाराचा परवाना मिळाला का?

नाही, पण एक खिडकी उघडली. २०१८ च्या मास्टरपीस केकशॉप खटल्यात समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक नाकारणारा कोलोरॅडोतला बेकरीवाला ७ विरुद्ध २ मतांनी जिंकला, तो राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेबद्दल तुच्छतेची भाषा वापरली म्हणून. समलिंगी ग्राहकांना इतरांइतकीच सेवा मिळाली पाहिजे हे तत्त्व त्या निकालातही उचलून धरलं आहे. २०२३ च्या ३०३ क्रिएटिव्ह खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी ठरलं, की समलिंगी लग्नांच्या वेबसाइट बनवायला तयार नसलेल्या स्त्रीला, तिला न पटणारा संदेश निर्माण करायला राज्य भाग पाडू शकत नाही. तो निकाल धर्माच्या कलमावर दिलेला नाही, भाषणस्वातंत्र्यावर दिलेला आहे. शब्द आणि कलाकृती ज्यात आहे अशा कामाला तो लागू. टायर बदलणं, खोली भाड्याने देणं, जेवण वाढणं याला लागू नाही. मधल्या कामांची सीमा कुठे पडेल, यावर अजून बरेच खटले होतील.

धर्माच्या नावाखाली वंशभेदही झाला होता. तेव्हा सवलत नाकारली, मग आता का द्यायची?

रास्त प्रश्न. साउथ कॅरोलायनातल्या पिगी पार्क या बार्बेक्यू उपाहारगृहांच्या मालकाने कृष्णवर्णीयांना सेवा देणं आपल्या श्रद्धेविरुद्ध आहे असा बचाव केला होता. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सरळ फेटाळला. आंतरवंशीय प्रेमसंबंधांना बंदी घालणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत काढून घेणं १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवलं.

माझं उत्तर असं : बाजारात उतरलेल्या धंद्याला वंशाच्या बाबतीत जी सवलत मिळत नाही, ती इतर कुठल्याही गटाला नाकारण्यासाठीही मिळू नये. पण देवळाच्या, चर्चच्या, मशिदीच्या आतला कारभार वेगळा आहे. तिथे विवाह कुणाचा लावायचा हे धर्ममंडळाने ठरवावं. वंशभेदाच्या काळातही न्यायालयांनी कुठल्या पाद्र्याला जबरदस्तीने लग्न लावायला पाठवलं नाही. सवलतीला अटही घालता येते. १९६८ च्या केंद्रीय गृहनिर्माण कायद्यात धर्मसंस्थेला आपल्या ना-नफा घरांत स्वधर्मीयांना प्राधान्य देता येतं, पण त्या धर्माचं सदस्यत्वच वंशावर ठरत असेल तर देता येत नाही.

पुजाऱ्याला किंवा पाद्र्याला समलिंगी विवाह लावण्याची सक्ती होऊ शकते का?

नाही. राज्यघटनेची पहिली दुरुस्ती ते होऊ देत नाही. समलिंगी विवाहांना केंद्राची मान्यता देणाऱ्या २०२२ च्या विवाह सन्मान कायद्यातही धार्मिक ना-नफा संस्थांना विवाह समारंभासाठी सेवा देण्याची सक्ती नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे.

आणि सरकारी क्लार्कला?

सरकारी कार्यालयाला नकार देता येत नाही. २०१५ मध्ये केंटकीतल्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी विवाह परवाने देणं थांबवलं आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. युटाने त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने हे आधीच सोडवलं होतं : क्लार्कच्या कार्यालयाने विवाह लावायला कुणीतरी सदैव उपलब्ध ठेवायचं, मग तो क्लार्क स्वतः असो किंवा त्याने नेमलेली व्यक्ती. जोडप्याला हेलपाटा नाही, कर्मचाऱ्याच्या मनावर जबरदस्ती नाही.

इंडियानाच्या २०१५ च्या कायद्यावरून एवढं वादळ का उठलं?

त्याची मुळं १९९० मध्ये आहेत. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवलं, की सगळ्यांना सारखा लागू होणारा कायदा एखाद्याच्या धर्माचरणाला अडचणीचा ठरला तरी घटनेनुसार सूट द्यावीच लागेल असं नाही. काँग्रेसने म्हणजे अमेरिकी संसदेने १९९३ मध्ये, धर्माचरणाला अडथळा आणणाऱ्या कायद्याविरुद्ध बचाव देणारा धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायदा करून उत्तर दिलं, पण १९९७ मध्ये न्यायालयाने तो राज्यांना लागू नाही असं सांगितलं. मग राज्यं आपापले तसे कायदे करू लागली. इंडियानाच्या कायद्यावर तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी २६ मार्च २०१५ रोजी सही केली. राज्यात लैंगिक कलाला संरक्षण देणारा कायदा नव्हता आणि खाजगी वादातही हा बचाव वापरता येणार होता, त्यामुळे हा नकाराचा परवाना आहे असा अर्थ लोकांनी लावला. उद्योगांनी आणि क्रीडा संघटनांनी दबाव आणला आणि आठवड्याभरात कायदा दुरुस्त करावा लागला. त्याच मार्च महिन्यात युटा दोन्ही गोष्टी एकत्र आणून शांतपणे मोकळा झाला होता.

जातीचा या सगळ्याशी काय संबंध?

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात कमी मोकळेपणाने बोलला जातो. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर आणि दोन अभियंत्यांवर दलित कर्मचाऱ्याशी जातीवरून भेदभाव केल्याचा दावा लावला. अभियंत्यांवरचा दावा २०२३ मध्ये खात्याने मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातिभेदाला नावानिशी बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी आयशा वहाब यांचं विधेयक कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण ७ ऑक्टोबरला गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ते नाकारलं. सध्याच्या कायद्यातल्या वंशावळ वगैरे शब्दांत जात येतेच, म्हणून नवा शब्द अनावश्यक आहे, असं कारण त्यांनी दिलं.

हिंदू अमेरिकन फाउंडेशनसारख्या संघटनांचा आक्षेप धर्मस्वातंत्र्याचा होता : जात हा हिंदू धर्माचा भाग आहे असं सरकारने ठरवू नये आणि एका समाजाकडे संशयाने पाहू नये. या आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. सिस्कोवरच्या मूळ तक्रारीत जातीचं वर्णन हिंदू सामाजिक आणि धार्मिक उतरंड असं केलं होतं. त्याची गरज नव्हती. कुणाला बढती का नाकारली हे सिद्ध करायला धर्माची व्याख्या करावी लागत नाही, आणि जात पाळणारे लोक सगळ्याच धर्मांत सापडतात.

पण यावरून शब्दच नको हा निष्कर्ष निघत नाही. वहाब यांच्या विधेयकाने कुठल्याही धर्माचं नाव घेतलं नव्हतं. वारशाने मिळालेल्या सामाजिक दर्जावर उभ्या असलेल्या उतरंडीत माणसाचं मानलं गेलेलं स्थान, अशी व्याख्या होती. आडनाव विचारून, गाव विचारून, मटण खाता का विचारून सहकाऱ्याची जात काढणं काय असतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. अमेरिकी मालकाला आणि न्यायाधीशाला ते कळत नाही, म्हणून शब्द कायद्यात लिहिलेला बरा. त्याने कुणाची पूजा, व्रत, सण, संस्कार थांबत नाहीत. किंमत कोण मोजतं हा प्रश्न इथे विचारला तर उत्तर सरळ आहे. शब्द घातल्याने श्रद्धाळू हिंदूचं काही जात नाही, आणि न घातल्याने जो गप्प बसतो त्याचं पुष्कळ जातं.

काँग्रेस देशभरासाठी एकच कायदा का करत नाही?

प्रयत्न झाले. लैंगिक कल आणि लिंगओळखीला देशभर संरक्षण देणारं समानता कायद्याचं विधेयक प्रतिनिधी सभागृहाने २०१९ आणि २०२१ मध्ये मंजूर केलं, सिनेटमध्ये अडलं. धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायद्याचा बचाव त्याखालच्या दाव्यांत वापरता येणार नाही, असं त्यात लिहिल्यामुळे अनेक धर्मसंस्था विरोधात गेल्या. युटाचे ख्रिस स्टुअर्ट यांनी डिसेंबर २०१९ मध्ये युटाच्या धर्तीवर सर्वांसाठी न्याय या नावाचं विधेयक आणलं. त्याला दोन्ही टोकांनी विरोध केला. असा कायदा होत नाही तोवर राज्यांकडेच बघावं लागणार.

माझ्याशी भेदभाव झाला तर आधी काय करू?

तारखा लिहून ठेवा. कुणी, कधी, कुणासमोर, काय म्हटलं. ईमेल आणि संदेश घरच्या खात्यावर किंवा कागदावर जपा, पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं उचलून आणू नका. धर्मामुळे रजा, पोशाख किंवा वेळेची सोय हवी असेल तर ती लेखी मागा आणि कारण एका वाक्यात सांगा.

मुदत चुकवू नका. केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे १८० दिवसांत तक्रार करावी लागते. राज्याची किंवा शहराची संस्था तसाच कायदा राबवत असेल तर ३०० दिवसांत. राज्याच्या संस्थेची मुदत वेगळी असते आणि काही राज्यांत ती कमी असते. घराच्या भेदभावाची तक्रार केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षाच्या आत करता येते, खटला दोन वर्षांच्या आत. तक्रार केली म्हणून मालकाने बदली केली, पगार कापला किंवा काढून टाकलं, तर ते स्वतंत्रपणे बेकायदेशीर धरलं जातं आणि मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी त्यावर दाद मागता येते. व्हिसावर काम करणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे. नागरिक असण्याची अट नाही.